रहस्यमालेचा वाचक आणि समीक्षेची गणती

रहस्यकथेच्या वाचकाची मराठी समीक्षेला फक्त गणती करता येते. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या हे सगळेच सांगतात. वाचकाने त्यांतली एक दुसरीपेक्षा सरस का ठरवली, हे विचारावेसे फारसे कोणाला वाटले नाही. अशोक जैन यांच्या अनुवादांमुळे मराठीत रुळलेल्या सत्यजित राय यांच्या फेलूदामालेचेही तेच. १९७३ च्या ‘कैलासे केलेंकारी’त मूर्तिचोरांचा माग वेरूळपर्यंत येतो आणि लालमोहनबाबूंचा विनोद सोबत चालूच राहतो. आमच्या भागातील वाचकांत यावर मतभेद आहेत. काहींच्या मते या हसण्याने चोरी निरुपद्रवी होते. अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यातील खांबावर १८१९ साली जॉन स्मिथने कोरलेले नाव त्यांनी पाहिलेले असते. इतर म्हणतात, हसू आहे म्हणूनच फेलूदाचा संताप प्रवचन होत नाही. मला दुसरे मत पटते. मात्र हा वाद शैली आणि मूल्य यांच्या संबंधाचा आहे, आणि तो मालेतील आधीच्या कथांचे दाखले देत चालतो. त्यावर ‘रंजनलोलुप अभिरुची’ असा शिक्का मारून मोकळ्या होणाऱ्या समीक्षकाने निदान ती माला वाचलेली असावी, ही अपेक्षा अवाजवी नव्हे.