मराठीचा अभ्यासक आणि इंग्रजी वाक्प्रचार

मराठीच्या विद्यार्थ्याला इंग्रजी वाक्प्रचारांशी काय कर्तव्य, असा प्रश्न अधूनमधून विचारला जातो. वाक्प्रचार हे इंग्रजी शिकणाऱ्याचे भूषण होय, मराठीच्या अभ्यासात त्यांना स्थान नाही, असे गृहीतक त्यामागे असते. ते तपासून पाहावयास हवे.

'सिंहाचा वाटा' हा प्रयोग घ्यावा. इसापाच्या कथेत सिंह शिकारीचे सगळेच वाटे बळकावतो. सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी १८२८ मध्ये इसापनीती मराठीत आणली. म्हणजे इसाप मराठीस परका नव्हता. तरीही या प्रयोगाचा आजचा अर्थ कथेशी नव्हे, इंग्रजी रूढीशी जुळतो. तेथे 'सर्वांत मोठा हिस्सा' एवढाच अर्थ उरला, आणि तो हिस्सा श्रमाचाही असू शकतो. मराठीत त्याची सांगड 'वाटा उचलणे' या प्रयोगाशी बसली. परिणामी, 'संस्थेच्या उभारणीत त्यांचा सिंहाचा वाटा आहे' या वाक्यातील सिंह हिरावून घेणारा नसून भार वाहणारा आहे. हा अर्थप्रवास केवळ मराठी कोश चाळून उलगडत नाही.

याउलट, शब्द सारखे आणि अर्थ भिन्न अशीही उदाहरणे आहेत. इंग्रजीत एखाद्याचा पाय ओढणे म्हणजे त्याची थट्टा करणे; मराठीत पाय ओढणे म्हणजे त्याच्या प्रगतीत आडवे येणे. रूढी ठाऊक नसलेला अनुवादक येथे मित्राच्या विनोदाला मत्सराचे रूप देतो. वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष असल्यामुळे ही चूक वाचकाच्याही ध्यानात येत नाही.

इंग्रजी वळणाचे म्हणून सर्वच प्रयोग त्याज्य ठरवणे हाही उपाय नव्हे. इंग्रजी कचेऱ्यांतील कागदपत्रे बांधण्याच्या तांबड्या फितीपासून मराठीने 'लालफीतशाही' हा स्वतःच्या घडणीचा शब्द सिद्ध केला. हिमनग ज्या प्रदेशाने पाहिला नाही, तेथे 'हिमनगाचे टोक'ही रुळले. कोणता प्रयोग भाषेने पचवला आणि कोणता नुसता उसना राहिला, हा विवेक मूळ प्रयोग जाणल्याखेरीज संभवत नाही.

दाते-कर्वे यांच्या वाक्संप्रदाय कोशाबरोबर इंग्रजी वाक्प्रचारांचा एखादा चांगला कोशही पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या हाताशी असावा, तो याचसाठी. इंग्रजीवर प्रभुत्व मिळवणे हा त्यामागील हेतू नव्हे. आपल्याच वाक्यात कोण बोलत आहे, हे ओळखता यावे, एवढीच अपेक्षा आहे.