भिलारला गेलात, पण वाचलंत का?

मंडळी, जानेवारीत भिलारला जाऊन आलो. पाचगणीहून महाबळेश्वरकडे जाताना जरा आत वळलं की हे गाव. लाल माती, स्ट्रॉबेरीचे वाफे, पलीकडे डोंगर. ४ मे २०१७ पासून हे 'पुस्तकांचं गाव'. कल्पना वेल्समधल्या हे-ऑन-वायवरून सुचलेली. पण तिथे पुस्तकं विकतात, इथे फुकट वाचायला मिळतात. सुरुवातीला २५ ठिकाणी मिळून १५ हजारांच्या आसपास पुस्तकं ठेवली होती. त्यातली बरीचशी ठिकाणं म्हणजे लोकांची राहती घरंच.

एका घरी आम्ही टेकलो होतो. तेवढ्यात तीन गाड्या आल्या. मंडळींनी कपाटापुढे फोटो काढले, स्ट्रॉबेरीचा भाव विचारला आणि निघाली. मला रागच आला. 'वाचायला नाही, मिरवायला येतात,' असं पुटपुटलोही.

इकडे नातीने गोष्टींचं पुस्तक उघडलं आणि पहिल्याच जोडाक्षराला अडली. "आजोबा, तुम्हीच वाचा ना!" छत्तीस वर्षं मराठी शिकवलेल्या मास्तरची नात! राग कुठल्या कुठे गेला. गाडीवाल्यांना काय बोलायचं?

माझं म्हणणं एवढंच. गाव म्हणजे नुसता देखावा नव्हे. ज्यांनी आपली पुढची खोली परक्यांसाठी मोकळी ठेवली, त्यांच्याकडून निदान एक गोष्ट वाचून उठावं. आम्ही बेत बदलला, मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिची एक गोष्ट वाचून झाली. जोडाक्षरांसकट.