मांडवातली कामाची जागा

गेल्या डिसेंबरात बारा दिवसांच्या अंतराने मी एकाच रिसॉर्टवर दोनदा जाऊन आले. पहिल्यांदा घरोब्यातल्या एका मुलीच्या लग्नाला आणि दुसऱ्यांदा एका कंपनीच्या वार्षिक परिषदेला. या कंपनीच्या अंतर्गत समितीवर मी बाहेरची सदस्य आहे, त्यामुळे परिषदेत तासभर लैंगिक छळाविरोधी कायद्याबद्दल बोलायला मला बोलावतात. रिसॉर्ट पवन मावळातलं. आजूबाजूच्या गावांतल्या जमिनी बंगल्यांसाठी आणि रिसॉर्टसाठी विकल्या गेल्या, आणि ज्या बायका पूर्वी तिथे भात लावायच्या त्यांतल्या कित्येक जणी आता तिथेच चादरी बदलतात, भांडी घासतात, पाहुण्यांना सरबत देतात.

लग्न ज्या मुलीचं, तिची आई माझी जुनी मैत्रीण. हुंडाबळींच्या विरोधात आम्ही एकत्र मोर्चे काढलेले आहेत. त्यामुळे हे लग्न नेहमीसारखं नव्हतं. विशेष विवाह कायद्याखाली महिनाभर आधी नोटीस देऊन नोंदणी झालेली. कन्यादान नाही, मानपान नाही, आहेर नाही, आणि खर्च दोन्हीकडच्यांनी निम्मा-निम्मा केलेला. आता दोन दिवस रिसॉर्ट भाड्याने घेऊन केलेल्या लग्नाला साधं म्हणायचं का, असं माझ्या मनात आलं. पण मुलामुलींची हौस असते, आपण किती ताणायचं? मी मनातल्या मनात या लग्नाला पैकीच्या पैकी गुण देऊन टाकले.

आदल्या रात्री गाणीबजावणी होती. हल्ली आपल्याकडेही त्याला ‘संगीत’ म्हणतात. साडेदहा वाजले असतील. एकोणीस-वीस वर्षांची एक मुलगी ट्रे घेऊन पाहुण्यांमधून फिरत होती. नवऱ्यामुलीच्या काकांनी तिचं मनगट धरलं आणि ‘तूही नाच की’ म्हणत तिला ओढलं. दुसरा हात कमरेवर. ती मागे सरकली, ट्रे पडला, पाच-सहा ग्लास फुटले. आजूबाजूचे हसले. काकांनी हात सोडला नव्हता.

मी तीन-चार पावलांवर होते. पुढे झाले, काकांच्या दंडाला धरून म्हटलं, ‘चला, पानं मांडलीत, जेवायला बसू.’ आणि त्या मुलीला म्हटलं, ‘तू आत जा.’ साफसफाईच्या एक मावशी येऊन काचा गोळा करू लागल्या. पाच मिनिटांत पुन्हा गाणं सुरू झालं. कार्याला गालबोट न लागता आपण प्रसंग सांभाळून घेतला, असं वाटून मला चक्क समाधान वाटलं होतं. हे लिहिताना लाज वाटते, पण तसं वाटलं होतं खरं.

बारा दिवसांनी तोच हॉल. फुलांच्या जागी कंपनीचे फलक, खुर्च्यांच्या ओळी, समोर दीडएकशे माणसं. माझं भाषण ठरलेलं असतं. २०१३च्या कायद्यात ‘कामाची जागा’ म्हणजे केवळ कचेरी नाही. कामाच्या निमित्ताने कर्मचारी जिथे जाईल ती प्रत्येक जागा त्यात येते, आणि मालकाने दिलेलं वाहनसुद्धा. म्हणजे ज्या बसने तुम्ही इथे आलात ती बस, हा हॉल आणि रात्रीची पार्टीही. एका तरुणाने विचारलं, ‘मॅडम, रात्री दहानंतर आम्ही कामावर नसतो. मग ते ऑफिस कसं?’ दरवर्षी कोणीतरी हे विचारतंच. मी म्हटलं, तुम्ही इथे कोणाच्या खर्चाने आणि कशासाठी आलात, ते आधी सांगा. टाळ्या पडल्या.

मग मी भंवरीदेवींची हकीगत सांगितली. राजस्थानातल्या भटेरी गावच्या भंवरीदेवी सरकारी महिला विकास कार्यक्रमात ‘साथिन’ होत्या. १९९२मध्ये त्यांनी एका तान्ह्या मुलीचं लग्न थांबवण्याचा प्रयत्न केला, कारण बालविवाह रोखणं हे त्यांचं काम होतं. त्याचा सूड म्हणून त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. १९९५मध्ये खालच्या न्यायालयाने आरोपींना बलात्काराच्या आरोपातून सोडून दिलं. स्त्री-संघटना त्याआधीच सर्वोच्च न्यायालयात गेल्या होत्या, आणि १३ ऑगस्ट १९९७ला विशाखा निकाल आला. त्यातूनच पुढे सोळा वर्षांनी आजचा कायदा झाला. भंवरीदेवींना कुठली आली होती कचेरी! गावची वाट, लोकांच्या ओसऱ्या आणि लग्नाचा मांडव, हीच त्यांची कामाची जागा. हे वाक्य मी अनेक ठिकाणी बोलले आहे. त्या दिवशी बोलताना मात्र घशात अडकल्यासारखं झालं.

चहाच्या वेळी त्या काचा गोळा करणाऱ्या मावशी जवळ आल्या. ‘मॅडम, तुमी त्या लग्नाला होता न्हवं?’ मी हो म्हटलं. ‘ती पोरगी आता येत न्हाई. ग्लासाचं पैसं कापलं तिचं. वर ठेकेदार म्हनला, पाव्हन्यांची तक्रार हाय, उद्यापासून येऊ नको.’ आणि थोड्या वेळाने, ‘तुमी आत्ता बोलला ते आमाला बी हाय का?’

आहे. कायद्याने आहे. कायम, हंगामी, रोजंदारीवरची, ठेकेदाराकडून आलेली, या सगळ्या जणी या कायद्याप्रमाणे कर्मचारीच. बाहेरून येणाऱ्या माणसांपासूनही कामाची जागा सुरक्षित ठेवणं ही मालकाची जबाबदारी आहे. त्रास देणारा आपला नोकर नसून पाहुणा असला, तरी तिची इच्छा असेल तर त्याच्याविरुद्ध फौजदारी कारवाई सुरू करणं आणि तिला तक्रारीसाठी मदत करणं हेही त्यातच येतं. समितीची माहिती दिसेल अशी लावायची असते, आणि समितीच नेमली नाही तर पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड आहे. शिवाय भारतीय न्याय संहितेची ७४ आणि ७५ ही कलमं आहेतच. हे सगळं मी मावशींना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, ‘मंग त्या रातीला का न्हाई सांगितलं?’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणजे होतं, पण ते मावशींना देण्यासारखं नव्हतं.

मी व्यवस्थापकांना भेटले. ते सभ्यपणे बोलले. समिती आहे, कागद आहे, सदस्यांची नावं आहेत. फलक कुठे आहे विचारल्यावर त्यांनी तो कार्यालयातल्या कपाटामागच्या भिंतीवर दाखवला. तिथे ना पाहुणे जातात, ना ठेकेदाराच्या बायका. ‘ती आमच्या पटावर नव्हती,’ ते म्हणाले. ठेकेदार म्हणाला, ‘पार्टीची तक्रार होती, मी काय करणार?’ पार्टी म्हणजे लग्नघर, म्हणजे आम्हीच. तक्रार नेमकी कोणी केली ते मला अजून कळलेलं नाही.

त्या दोन दिवसांत फरक काय होता, याचा मी नंतर खूप विचार केला. हॉल तोच, वाढणाऱ्या मुली त्याच. परिषदेत एखाद्या साहेबाने असाच हात धरला असता तर मी त्याला जेवायला नेलं नसतं. त्याचं नाव विचारलं असतं, तारीख-वेळ लिहून घेतली असती, त्या मुलीजवळ बसले असते. परिषदेत पुरुषाला नोकरीची भीती असते. समिती आहे, वरिष्ठ आहेत, बढती आहे. मांडवात भीती नसते, भीड असते, आणि ती पुरुषाला नाही, आपल्याला असते. मैत्रिणीचा मूड जाईल, विहीणबाई काय म्हणतील, मुलीच्या सासरी पहिल्याच दिवशी बोभाटा होईल. ‘कार्यात विघ्न नको’ हे वाक्य मला कोणी म्हटलंही नव्हतं. मी ते स्वतःलाच सांगितलं. आणि काकांना दूर नेऊन मी कोणाला वाचवलं? काकांना. त्या मुलीला मी फक्त आत पाठवलं.

लग्नातल्या कन्यादानावर, मंगळसूत्रावर, मुलीकडच्यांनी खाली मान घालण्यावर आपण पुष्कळ लिहिलं, बोललो, आणि ते करायलाच हवं होतं. पण आपली नजर कायम बोहल्यावर राहिली. बोहल्याच्या मागच्या बाजूला, जिथून ताटं येतात तिथे, रात्री एक वाजता घरी कशी जाणार हे माहीत नसलेल्या मुली उभ्या असतात. महाराष्ट्राच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्यात बाईला रात्री साडेनऊनंतर कामावर ठेवायचं तर तिची संमती, सुरक्षितता आणि घरापर्यंत वाहन हवं, असं आहे. मावशींना विचारलं. म्हणाल्या, टेम्पो फाट्यापर्यंत सोडतो, पुढे चालत.

मैत्रिणींनो, आपली शिबिरंही आता अशाच जागी होतात. गेल्या दोन वर्षांत आपण अशा किती जागा घेतल्या? खोल्यांचं भाडं कमी करून घेण्यासाठी आपण घासाघीस केली. समितीचा फलक कुठे आहे, वाढायला येणाऱ्या बायकांना त्यावरची नावं माहीत आहेत का, त्या घरी कशा जातात, हे विचारल्याचं मला तरी आठवत नाही. घरातल्या लग्नाचं ठरवतानाही हे विचारता येईल. बँडवाल्याला किती वाजता थांबायचं ते सांगतोच ना आपण? तसं घरातल्या ज्या पुरुषांबद्दल सगळ्यांना ठाऊक असतं, त्यांनाही आधी सांगता येईल. काकांबद्दल सगळ्यांना ठाऊक होतं.

मी मैत्रिणीला फोन केला. ती बराच वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, ‘तू तेव्हाच बोलायला हवं होतंस. आता मुलगी सासरी गेल्यावर हे कशाला?’ पहिलं वाक्य खरं आहे. दुसऱ्यावरून आमचा वाद झाला. ग्लासांचे पैसे तिने पाठवले. काकांशी बोलायला ती तयार नाही.

मावशींकडून नंबर घेऊन त्या मुलीलाही फोन केला. ती आता दुसऱ्या ठिकाणी जाते. ‘जाऊ द्या ताई, घरी कळलं तर हेही काम बंद करतील,’ म्हणाली. तिला आग्रह करण्याचा अधिकार मला नाही. समितीकडे तक्रारीची मुदत तीन महिने, लेखी कारण देऊन आणखी तीन महिने मिळू शकतात. पोलिसांकडे जायला ती मुदत लागू नाही. हे तिला सांगितलं. मी काय पाहिलं ते तारीख-वेळेसह लिहून, सही करून ठेवलं आहे. त्याची एक प्रत मावशींकडे आहे.