पळस्पे-इंदापूर हायवे आणि ‘गेम ऑफ थ्रोन्स’चं सहावं पुस्तक: फॅन्टसी सीरिज हातात घेण्याआधी काय बघायचं?

गणपतीला कोकणात जाणाऱ्या माणसाला पळस्पे फाटा माहीत नाही, असं होत नाही. जुना मुंबई-पुणे हायवे सोडून गाडी गोव्याच्या रस्त्याला लागते ती इथेच. इथून इंदापूरपर्यंतचा ८४ किलोमीटरचा टप्पा चौपदरी करायचं काम २०११ साली सुरू झालं. त्यानंतर किती गणपती आले आणि किती मुदती हुकल्या, हे कोकणातल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

त्याच वर्षी, जुलै २०११ मध्ये, जॉर्ज आर. आर. मार्टिन यांचं ‘अ डान्स विथ ड्रॅगन्स’ बाजारात आलं. ‘गेम ऑफ थ्रोन्स’ ज्या पुस्तकांवर बेतलीये त्या मालिकेतलं हे पाचवं पुस्तक. ठरलेली पुस्तकं सात. सहाव्याचं नाव ‘द विंड्स ऑफ विंटर’, आणि वाचक त्या नावावरच दिवस काढतायत. टीव्हीवरची सीरिज पुस्तकांना मागे टाकून २०१९ मध्ये संपूनही गेली.

मार्टिन एकटे नाहीत. पॅट्रिक रॉथफस यांच्या ‘द नेम ऑफ द विंड’चा दुसरा भागसुद्धा २०११ चाच. तिसऱ्याची वाट बघणं सुरू आहे.

असं का होतं? फॅन्टसीत लेखकाला राज्यं, घराणी, धर्म, जादूचे नियम, सगळं स्वतः उभं करावं लागतं. प्रत्येक भागात चार नवी पात्रं येतात आणि शेवटी सगळ्यांचे धागे जुळवायचे असतात. मार्टिन यांचं चौथं पुस्तक इतकं फुगलं की पात्रं वाटून त्याची दोन करावी लागली. त्यातलं पहिलं आलं २००५ मध्ये, दुसरं थेट २०११ मध्ये. रॉबर्ट जॉर्डन यांच्या ‘व्हील ऑफ टाइम’चं तर आणखी अवघड झालं. २००७ मध्ये लेखकच गेले. त्यांच्या टिपणांवरून ब्रँडन सँडरसन यांनी शेवट लिहिला, पण एका पुस्तकात बसवायचा म्हटलेला तो शेवट तीन पुस्तकांवर गेला. चौदावा भाग २०१३ मध्ये आला.

म्हणून रीलवर कुणीतरी ‘ही सीरिज वाचाच’ म्हणालं की पहिला प्रश्न विचारायचा: पूर्ण झालीये का? रील बनवणारे हे सहसा सांगत नाहीत. रेबेका यारोस यांचं ‘ऑनिक्स स्टॉर्म’ जानेवारी २०२५ मध्ये आलं आणि पहिल्याच आठवड्यात २७ लाखांवर प्रती खपल्या. पण पाच भागांच्या मालिकेतलं ते तिसरं पुस्तक होतं. हे माहीत असून वाचायला घेतलं तर मजाच आहे. माहीत नसेल तर ऐन रंगात आल्यावर पुढे रस्ता नाही.

टीव्हीवरची सीरिज बघून तर मुळीच ठरवू नका. ॲमेझॉनने ‘व्हील ऑफ टाइम’ मे २०२५ मध्ये तीन सीझननंतर बंद केली, पुस्तकं मात्र पूर्ण आहेत.

पहिल्यांदाच फॅन्टसी वाचत असाल तर चौदा भागांच्या वाटेला जाऊ नका. सँडरसन यांची ‘मिस्टबॉर्न’ची पहिली त्रयी २००६ ते २००८ मध्ये सुरू होऊन संपली. उर्सुला ले ग्विन यांचं ‘अ विझार्ड ऑफ अर्थसी’ १९६८ चं आहे, छोटं आहे, आणि पुढचे भाग नाही वाचले तरी काही अडत नाही. टेरी प्रॅचेट यांच्या ‘डिस्कवर्ल्ड’च्या ४१ कादंबऱ्या आहेत. आकडा बघून घाबरू नका, बहुतेक सुट्या वाचता येतात. ‘मोर्ट’पासून सुरुवात करा. (माझं मत विचाराल तर ‘अर्थसी’. पनवेल ते सीएसएमटी लोकलच्या चार-पाच फेऱ्यांत संपेल.)

आता मराठीचं काय? आपल्याकडे फॅन्टसी नाही, हे अर्धवट माहितीवरचं मत आहे. नाथमाधवांची ‘वीरधवल’ १९१३ ची. नारायण धारपांच्या समर्थ-कथांमध्ये नायक तोच, गोष्ट दरवेळी वेगळी, त्यामुळे कुठूनही सुरू करता येतं. ‘तुंबाड’ सिनेमा आवडला असेल तर त्यात धारपांच्याच ‘आजी’ या कथेचा धागा आहे. ‘हॅरी पॉटर’ मंजुल पब्लिशिंग हाऊसने मराठीत आणलं. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ मुग्धा कर्णिक यांनी ‘स्वामी मुद्रिकांचा’ या नावाने मराठीत केलंय, पुण्याच्या डायमंड पब्लिकेशन्सने काढलंय, आणि तिन्ही खंड आहेत. टॉल्किन यांनी मुळात ती एकच कादंबरी लिहिली होती. युद्धानंतर कागद महाग होता म्हणून १९५४-५५ मध्ये ती तीन भागांत निघाली.

पण मराठीत वरचा नियम मी उलटा करेन. मार्टिन यांचं सहावं पुस्तक आलं तर हातोहात खपेल, तिथे तुम्ही-आम्ही थांबलो तरी काही बिघडत नाही. मराठी प्रकाशकाचं गणित वेगळं असतं. आवृत्ती लहान, पहिला खंड गोडाऊनमध्ये पडून राहिला तर दुसऱ्याचा अनुवाद करून घ्यायला पैसे कुठून आणायचे? सगळे खंड आल्यावर बघू, असं प्रत्येकाने म्हटलं तर सगळे खंड येतच नाहीत. त्यामुळे मराठीत एखाद्या मालिकेचा पहिला खंड आला आणि चार पानं चाळून भाषा जमली, तर घेऊन टाका. खिशाला जड वाटलं तर वाचनालयात मागणी नोंदवा, एक प्रत तरी तिथे जाईल.

इंग्रजीतल्या अर्धवट सीरिजसाठी मात्र मी थांबायला तयार आहे. पळस्पे फाट्यावर उभं राहून सवय झालीये.