हाडांचे वेळापत्रक वेगळे

पहाटे साडेपाचला व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर दोन प्रकारची माणसे भेटतात. एक आमच्यासारखी, डॉक्टरांनी दटावले म्हणून चालणारी. दुसरी सैन्यभरतीसाठी धावणारी मुले. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र असलेल्या बेळगावात हे दृश्य नवे नाही. भरतीत सोळाशे मीटर धावायचे असते. जितक्या लवकर पोहोचाल तितके गुण जास्त.

गेल्या वर्षी आमच्या कॉलेजातला एक मुलगा यांत होता. वडील खानापूर तालुक्यातले, आई बैलहोंगलकडची. घरात दोन्ही भाषा. भरतीला तीन आठवडे उरले असताना आई त्याला घेऊन माझ्याकडे आली. "काल नोविद्रू ओडतान्री सर, तुम्हीच सांगा त्याला." पोरगा मान खाली घालून उभा. उजव्या पायाची नडगी दुखत होती. वडिलांचे म्हणणे, आम्ही अनवाणी शेतातून पळायचो, आम्हाला काही झाले नाही.

मी भाषेचा मास्तर. त्याला घेऊन आमच्या फिजिकल डायरेक्टरांकडे गेलो. त्यांनी तासभर जे समजावले, ते प्रत्येक घरात पोहोचावे असे वाटते, म्हणून आजचा हा लेख.

स्वस्थ बसलेल्या माणसाचे हृदय मिनिटाला साधारण पाच लिटर रक्त फिरवते. जोरात धावताना हाच आकडा वीस लिटरच्या आसपास जातो. एरवी स्नायूंच्या वाट्याला या रक्ताचा पाचवा भाग येतो, धावताना बहुतेक सगळे रक्त तिकडेच वळते. भरपेट जेवून धावले की पोटात का गोळा येतो, ते यावरून कळावे.

सराव सुरू केला की शरीर बदलू लागते, पण सगळे अवयव एका वेगाने बदलत नाहीत. पहिल्या एक-दोन आठवड्यांतच रक्तातला द्रव वाढतो आणि हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलू लागते. दीड-दोन महिन्यांत स्नायूंच्या पेशींतली ऊर्जा तयार करणारी केंद्रे वाढतात. काल दोन फेऱ्यांत धापा टाकणारा मुलगा आज चार फेऱ्या हसत मारतो. त्याला वाटते, आपण तयार झालो.

हाडांचे वेळापत्रक मात्र वेगळे. धावताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दुप्पट-अडीचपट भार पायावर येतो. नवा भार आला की हाड आधी स्वतःचा जुना भाग पोखरून काढते आणि मग तिथे नवा, मजबूत भाग भरते. पोखरण्याचे काम काही आठवड्यांत होते, भरण्याला मात्र महिने लागतात. घराची जुनी भिंत पाडून झाली आहे, नवी अजून अर्धीच उभी आहे, आणि नेमके त्याच वेळी आपण माळ्यावर पोती चढवतो! दम वाढलेला, उत्साह वाढलेला आणि हाड नाजूक. मग त्यात बारीक तडा जातो.

हे आजचे नाही. 1855 साली ब्राइथाउप्ट नावाच्या प्रशियन लष्करी डॉक्टरांनी लांब कूच करणाऱ्या सैनिकांच्या सुजलेल्या, दुखऱ्या पायांची नोंद करून ठेवली. क्ष-किरणांचा शोध लागला 1895 मध्ये. त्यानंतरच कळले, की ती सूज हाडाला गेलेल्या तड्याची होती.

मग प्रत्येक दुखण्याला घाबरायचे का? मुळीच नाही. नव्या व्यायामानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या, पोटऱ्या भरून येतात, जिना उतरताना कळ येते. 'लॅक्टिक ॲसिड साचले' असे आपण म्हणतो, ते खरे नाही. ते तास-दोन तासांत निघून जाते. दुखतात ते सवय नसताना ताणले गेलेले स्नायू, आणि चार-पाच दिवसांत ते आपोआप बरे होतात. पण दुखणे एकाच ठिकाणी, बोट ठेवून दाखवता येईल असे असेल, धावताना वाढत असेल, पुढे पुढे रात्रीही ठसठसत असेल, तर धावणे त्याच दिवशी थांबवावे आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखवावे. सुरुवातीच्या एक्स-रेत हा तडा बऱ्याचदा दिसत नाही, हेही ध्यानात ठेवावे. एक्स-रे साफ आला म्हणून पोराला पुन्हा मैदानात ढकलू नये.

सरांनी मुलाला म्हटले, "बोट ठेवून दाखव." त्याने नडगीवर नेमके एका जागी बोट ठेवले. खोलीत कोणी काही बोलले नाही.

डॉक्टरांनी किमान सहा आठवडे धावणे बंद सांगितले. भरती तीन आठवड्यांवर. वयाच्या हिशेबाने अजून एक संधी होती, एवढाच दिलासा. वडील दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी स्वतःच त्याला गाडीवर बसवून दवाखान्यात घेऊन गेले.

व्यायामाने शरीर घडते असे आपण म्हणतो. खरे तर व्यायाम फक्त मागणी नोंदवतो, घडण्याचे काम चालते विश्रांतीत, जेवणात आणि झोपेत. म्हणून भरतीची तयारी सहा-आठ महिने आधी सुरू करावी, अंतर थोडे थोडे वाढवावे, आठवड्यात एक-दोन दिवस पायांना सुट्टी द्यावी. आपल्याकडे मराठीत 'अति तेथे माती' म्हणतात आणि कन्नडमध्ये 'अतियादरे अमृतवू विष'. दोन्ही भाषांतल्या आज्या एकच सांगत होत्या, ऐकायचे आपण राहिलो.

तो मुलगा या वर्षी पुन्हा मैदानावर दिसतो. सोमवारी आणि गुरुवारी धावत नाही, कडेला बसून इतरांच्या वेळा मोजतो. परवा मी विचारले, "काय रे, पाय कसा आहे?"

"बरा आहे सर," तो म्हणाला, "पण घाई नाही करत."