अर्जाच्या माथ्यावर नुसते १५१

उधारीच्या दाव्यात अडचण आली की व्यापारी बांधव वकिलाला म्हणतात, "काहीतरी अर्ज टाका." मग अर्जाच्या माथ्यावर 'कलम १५१' येते. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतील हे कलम कोर्टाचे अंगभूत अधिकार राखून ठेवते. पण कायद्यात वेगळी तरतूद असेल तिथे ते चालत नाही. एकतर्फी हुकूमनामा रद्द करायचा तर ऑर्डर ९, नियम १३ आहे, त्याला मुदत ३० दिवसांची. उशीर झाल्यास माफीचा अर्ज वेगळा.

उत्तर प्रदेशातील पदम सेन प्रकरण तर वहीखात्याचेच. वादी हिशेबाच्या वह्यांत फेरफार करील, या प्रतिवादीच्या भीतीवरून कोर्टाने कमिशनर नेमून त्या ताब्यात घेतल्या. सुप्रीम कोर्टाने १९६० साली सांगितले, असा अधिकार १५१ मध्ये नाही. तो कामकाजापुरता आहे, पक्षकाराच्या मालमत्तेवर नाही. (बरेच झाले. नाहीतर कोणाचीही वही कोणीही उचलवली असती!)

तेव्हा कोणती तरतूद अपुरी पडते, अन्याय कोणता, हुकूम कोणता हवा, हे तारखांसह अर्जात आलेच पाहिजे. नुसते 'न्याय मिळावा' लिहिले असेल तर सही करू नका. वकीलसाहेबांना पुन्हा लिहायला सांगा.