जुनी गाडी घेताना : आधी कागद, मग किक

बोनस हाती पडला किंवा भिशी लागली की घरातल्या तरुणाला लांब पल्ल्याच्या मोटारसायकलचे वेध लागतात. नवी बुलेट किंवा अ‍ॅव्हेंजर परवडत नाही. मग बारामती-इंदापूरच्या गॅरेजांतून, ओळखीपाळखीतून जुनी गाडी शोधणे सुरू होते. त्यात कमीपणा काही नाही. पण घामाचा पैसा घालून दुसऱ्याचे दुखणे घरी आणू नये, एवढेच आमचे सांगणे.

गाडी पाहायला सकाळी जावे आणि मालकाने ती आधी सुरू केलेली नसावी. इंजिन गरम लागले तर थंड असताना सुरू न होण्याची खोड लपवली जात असेल. सुरू झाल्यावर निळा धूर येतच राहिला तर ऑइल जळते आहे, म्हणजे मोठा खर्च समजावा. मीटरचा आकडा मागे फिरवता येतो. पण झिजलेले ब्रेकचे पायडल आणि हँडलच्या मुठी खोटे बोलत नाहीत. टायरच्या बाजूवर चार अंक असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी चांगली दिसली तरी जुने रबर लांबच्या प्रवासाला धोक्याचे.

आपल्या भागात पुष्कळ गाड्यांनी वर्षानुवर्षे दुधाचे कॅन वाहिलेले असतात. अशा गाडीचे मागचे शॉकॉब्सर बसलेले नाहीत ना, चॅसिसला वेल्डिंगचे डाग नाहीत ना, हे वाकून पाहावे. मागून पाहताना दोन्ही चाके एका रेषेत दिसली पाहिजेत. विमा, परवाना आणि हेल्मेट असेल तर मागे माणूस बसवून भिगवण रस्त्याला दहा-पंधरा किलोमीटर चालवून पाहावी. गल्लीत मारलेल्या चकरेत दोष कळत नाहीत. शक्यतो आपला मेस्त्री बरोबर न्यावा.

आता कागद. आर.सी. बुकावरील इंजिन नंबर व चॅसिस नंबर गाडीवरील नंबरांशी अंक न् अंक ताडून पाहावेत. नंबराच्या जागी घासल्याची खूण दिसली तर तेथूनच परत फिरावे. गाडीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेचे ना हरकत पत्र आणि फॉर्म ३५ घेतल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत. पंधरा वर्षे पूर्ण होत आली असतील तर पुन्हा पासिंगचा खर्च किमतीतून वजा करून बोलावे. ई-चलनाचा दंड थकलेला आहे का, तेही पाहावे. परराज्यातील पासिंग असेल तर तेथील आरटीओचे ना हरकत प्रमाणपत्र हवे.

फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या की काम झाले असे पुष्कळांना वाटते. सही केलेले फॉर्म कपाटात पडून राहतात आणि गाडी रस्त्यावर फिरते. आमचा खरा इशारा येथे आहे. कायद्याप्रमाणे, व्यवहार राज्यातल्या राज्यात असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे असते. आपल्या एम.एच. ४२ पासिंगसाठी बारामतीचे कार्यालय आहे. विम्यावरही १४ दिवसांत नाव बदलून घेण्यासाठी अर्ज करावा.

हे टाळले तर काय होते? नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात विजय कुमार यांनी २००७ साली मोटार विकली होती. ती पुढे अनेक हातांतून गेली, पण नोंदणी त्यांच्याच नावावर राहिली. २००९ साली तिच्या अपघातात एक जण दगावला. गाडी ताब्यात नसूनही भरपाईची जबाबदारी नोंदणीत नाव असलेल्या विजय कुमार यांचीच, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली दिला.

म्हणजे आपल्या घरची जुनी गाडी 'दिली एकदाची' म्हणून मोकळे होणारेही सुटत नाहीत. मजुरीवर चालणाऱ्या घराला असा एक निकाल पुरे.

म्हणून घरातील भगिनींनीही व्यवहाराला बसावे आणि एकच प्रश्न विचारावा, "नाव कधी होणार?" थोडी रक्कम नाव होईपर्यंत हाती राखून ठेवावी, तसे कागदावर लिहून घ्यावे. नावाला टाळाटाळ करणाऱ्याची गाडी कितीही चकचकीत असो, ती दारात आणू नये.